विमान आपोआप एका बाजूला ओढतंय? घरच्या फ्लाइट सिम्युलेटरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, एक्स-प्लेन आणि फ्लाइटगिअर वापरणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक सेसना १७२ ची आहेत, कारण बहुतेकांची सुरुवात त्याच विमानावर होते. घाईत असाल तर आधी प्रश्न २ मधली चाचणी करा. त्यानंतर यातली अर्धी उत्तरं वाचायची गरजच उरणार नाही.

१. स्टिकला हातही लावलेला नाही, तरी विमान एका बाजूला जातं. स्टिक बिघडली का?

असेलही, पण 'एका बाजूला जातं' यात तीन वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. पंख झुकत असेल तर एलेरॉनचा (पंखांच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी पट्टी) अक्ष, म्हणजे स्टिकची ती हालचाल सिम्युलेटरला कळवणारी वाट, टाक्यांमधलं इंधन किंवा वजनाची मांडणी तपासा. पंख सरळ आहेत पण नाक वळतंय, तर रडर (शेपटीवरची, नाक डावी-उजवीकडे वळवणारी पट्टी), इंजिनाची ओढ किंवा जमिनीवर असताना ब्रेक. नाकही सरळ, पंखही सरळ, आणि तरी नकाशावर विमान रेषेपासून दूर सरकतंय, तर तो वारा (प्रश्न १२).

आणखी एक लक्षात घ्या. हात सोडल्यावर कुठलंच साधं विमान अनंतकाळ सरळ जात नाही. थोडा झोत लागला, एक पंख एखाद अंशाने खाली गेला की विमान हळूहळू त्याच बाजूच्या वळणात शिरतं. अर्ध्या मिनिटात दोन-तीन अंश कल येत असेल तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही. पाच सेकंदांत दहा अंश येत असेल तर पुढे वाचा.

२. दोष स्टिकचा की विमानाचा, हे पटकन कसं ओळखायचं?

सगळी उपकरणं काढून. स्टिक, पेडल, थ्रॉटल, गेमपॅड, सगळ्यांच्या यूएसबी पिना काढा. वारा शून्य करा, आणि तो खरंच शून्य झालाय ना हे वाऱ्याच्या प्रत्येक थरात जाऊन पाहा. 'स्वच्छ आकाश' निवडलं म्हणजे वारा थांबला असं नाही. दोन्ही टाक्यांत सारखं इंधन भरा, पुढच्या दोन्ही सीटवर सारखं वजन ठेवा, मदतीचे पर्याय बंद करा. मग ३,००० फुटांवर, हवेतच, सपाट उड्डाणात सुरुवात करा. इंजिन २,२०० ते २,३०० आरपीएमवर ठेवा, ट्रिम लावा (हात सोडला तरी नाक वर-खाली जाणार नाही असं जुळवा) आणि तीस सेकंद कशालाही हात लावू नका.

विमान सरळ गेलं तर दोष काढून ठेवलेल्या उपकरणांपैकी एकात आहे. एकेक परत लावत जा. ज्याच्यानंतर ओढ सुरू होईल ते गुन्हेगार. उपकरणांशिवायही ओढ राहिली, तर स्टिक उघडायच्या भानगडीत पडू नका.

३. टेकऑफला थ्रॉटल पुढे केला की सेसना डावीकडे पळतं. हे कसं बंद करू?

बंद करायचं नाही, पायाने सावरायचं. सर्वाधिक येणारा प्रश्न हाच आहे, आणि यात बहुतेक वेळा सिम्युलेटर बरोबर असतो.

१७२ चं इंजिन कॉकपिटमधून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतं. त्यातून डावीकडची ओढ चार वाटांनी येते. पंखा (प्रोपेलर) एका दिशेने फिरतो म्हणून विमानाचं धड उलट, म्हणजे डावीकडे, पिळायला बघतं आणि डाव्या चाकावर भार वाढतो. पंख्यामागची हवा धडाभोवती गोल फिरत येते आणि शेपटीच्या उभ्या पृष्ठभागाला डावीकडून ढकलते, त्यामुळे नाक डावीकडे वळतं. नाक वर असताना खाली येणारं, म्हणजे उजवीकडचं पातं हवेला जास्त कोनात कापतं आणि जास्त ओढतं. चौथी वाट जायरोस्कोपची. ती मुख्यतः शेपटीला चाक असलेल्या विमानांत दिसते, कारण धावता धावता शेपूट उचललं जातं तेव्हा नाक झटक्याने डावीकडे जातं.

तीन चाकांवर सपाट धावताना १७२ मध्ये पहिल्या दोन वाटांचा जोर असतो. पात्यांच्या कोनाचा परिणाम नाक उचलल्यावर आणि चढताना येतो. म्हणून अनेकांना धावपट्टीवर जमतं आणि हवेत गेल्या गेल्या विमान हातातून निसटतं.

थ्रॉटल एकदम ढकलू नका, तीन-चार सेकंद घेऊन पूर्ण पुढे न्या आणि त्याबरोबरच उजवा पाय दाबत जा. ५५ नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) नाक उचला, ७४ नॉटने चढा, आणि चढताना उजवा पाय सोडू नका. नजर टर्न कोऑर्डिनेटरखालच्या (वळण दाखवणाऱ्या उपकरणाखालच्या) गोळीवर. गोळी ज्या बाजूला गेली त्या बाजूचा पाय. सपाट उड्डाणात पॉवर कमी केली की पाय आपोआप मोकळा होतो, कारण १७२ च्या रडरवरची छोटी पट्टी जमिनीवरच क्रूझच्या हिशोबाने वाकवलेली असते. पॉवर पूर्ण काढून उतरताना याच पट्टीमुळे थोडा डावा पाय लागतो. तोही दोष नव्हे.

४. माझ्याकडे पेडल नाहीत, स्टिकही पिळता येत नाही. मग रडरचं काय?

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये मदतीच्या पर्यायांत ऑटो-रडर चालू करा. फ्लाइटगिअरमध्ये याला ऑटो-कोऑर्डिनेशन म्हणतात. पुढे पेडल घेतलीत तर हा पर्याय आधी बंद करा. नाहीतर तुमचा पाय आणि संगणकाचा पाय एकमेकांशी भांडतात, आणि धावपट्टीवर विमान नागमोडी पळतं.

५. कॅलिब्रेशन नेमकं कसं करायचं? करूनही फरक पडत नाही.

आधी दोष कुठल्या जातीचा आहे ते बघा. सगळ्यांवर कॅलिब्रेशन, म्हणजे स्टिकचा मध्य आणि टोकं संगणकाला नव्याने दाखवणं, हा उपाय नाही.

विंडोजच्या शोधपट्टीतून 'सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स' उघडा. तिथे स्टिक निवडा, प्रॉपर्टीज, मग सेटिंग्ज, मग कॅलिब्रेट. या विझार्डमध्ये कच्चे आकडे दाखवण्याची चौकट असते, तिच्यावर टिक करा. १० बिटांच्या स्टिकवर आकडे ० ते १०२३ असतात आणि मध्य ५१२ च्या आसपास. आता स्टिक पूर्ण उजवीकडे नेऊन अलगद सोडा आणि आकडा लिहा. मग डावीकडून सोडा आणि तो आकडा लिहा. असं चार-पाच वेळा.

प्रत्येक वेळी तोच पण चुकीचा आकडा आला, समजा ५३०, तर फक्त मध्य सरकलाय. कॅलिब्रेशनने हा दोष पूर्ण जातो. उजवीकडून सोडल्यावर ५२६ आणि डावीकडून ४९८ येत असेल तर स्प्रिंग किंवा सांधा ढिला झालाय. इथे कॅलिब्रेशन कितीही वेळा करा, उपयोग नाही, तेवढा फरक झाकणारा डेड झोनच, म्हणजे मध्याभोवतीचा हालचाल मोजली न जाणारा पट्टा, लागेल (प्रश्न ६). आणि हात न लावता आकडा नाचत असेल, ५०५, ५२०, ४९९ असा, तर आतला पोटेन्शिओमीटर (स्टिकची जागा मोजणारा, घासत फिरणारा भाग) घाण किंवा झिजलेला आहे (प्रश्न १५).

काही स्टिक यूएसबीला जोडल्या जातात त्याच क्षणी आपला मध्य ठरवतात. पिन लावताना स्टिकवर हात टेकलेला असेल तर पूर्ण सत्र तिरकं जातं. काढा, हात बाजूला घ्या, परत लावा.

कंपनीचं सॉफ्टवेअर असेल तर तिथे आधी, मग विंडोजमध्ये, शेवटी सिम्युलेटरमध्ये हा क्रम ठेवा. एक्स-प्लेन स्वतःचं कॅलिब्रेशन करतं. त्यात प्रत्येक अक्ष दोन्ही टोकांपर्यंत फिरवून मग मध्यावर मोकळा सोडायचा. घाईत तीन-चतुर्थांश फिरवून 'झालं' म्हणालात तर टोकांचं गणित चुकतं.

६. डेड झोन किती ठेवू?

गरजेपुरता. चांगल्या हॉल सेन्सरच्या (चुंबकाने जागा मोजणाऱ्या) स्टिकला १ ते २ टक्के, पोटेन्शिओमीटरच्या स्टिकला ३ ते ५ टक्के. प्रश्न ५ मधले आकडे वापरून हिशोब करता येतो. मध्यापासून टोकापर्यंत सुमारे ५११ घरं आहेत आणि स्टिक मध्यापासून १४ घरं लांब थांबते, म्हणजे पावणेतीन टक्के. डेड झोन ४ ठेवा, झालं.

१० टक्क्यांच्या पुढे जावं लागत असेल तर तुम्ही दुखणं झाकताय. एवढ्या डेड झोनने उतरताना बारीक दुरुस्त्या अशक्य होतात: स्टिक हलवता, काही होत नाही, आणखी हलवता, विमान एकदम उसळतं. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये संवेदनशीलतेच्या पानावर डेड झोनसोबत 'न्यूट्रल' नावाचा स्लायडर आहे. नुसता मध्य सरकला असेल तर डेड झोन न वाढवता तो वापरा. एक्स-प्लेनमध्ये डेड झोनला नल झोन म्हणतात. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि सिम्युलेटरमध्ये असा दोन्हीकडे डेड झोन लावू नका, दोघांची बेरीज होते.

७. कॅलिब्रेशन अचूक आहे, विंडोजमध्ये आकडे स्थिर आहेत, तरी सिम्युलेटरमध्ये विमान कलतं.

एकाच अक्षाला दोन उपकरणं जोडलेली आहेत, असं धरून चाला. नेहमीच्या जोड्या दोन. पेडल आणि पिळता येणारी स्टिक, दोघंही रडरवर. किंवा टेबलाच्या खणात विसरलेला गेमपॅड आणि योक (विमानाचं हँडल), दोघंही एलेरॉनवर. नवीन उपकरण लावलं की मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर त्याला स्वतःहून एक तयार प्रोफाइल देतो, त्यामुळे तुम्ही काहीही न करता ही टक्कर होते. प्रत्येक उपकरणाच्या पानावर जाऊन रडर, एलेरॉन, एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी पट्टी) आणि दोन्ही ब्रेक शोधा, आणि एकेका अक्षाला एकच मालक ठेवा. मोठ्या अपडेटनंतर हे पुन्हा तपासा.

एक्स-प्लेनमध्ये माउसने योक चालवायची सोय चुकून चालू राहिली तरी हाच प्रकार दिसतो.

८. हवेत ठीक आहे, पण टॅक्सी करताना एकाच बाजूला ओढतं.

ब्रेक बघा. अनेक पेडल जोडल्यानंतर, पहिल्यांदा दाबली जाईपर्यंत ब्रेकचा अक्ष अर्ध्यावर असल्याचं सांगतात. म्हणून सिम्युलेटर उघडल्यावर डावा ब्रेक, उजवा ब्रेक आणि रडर एकदा पूर्ण टोकापर्यंत दाबून सोडायची सवय लावा. तेवढ्याने गेलं नाही तर अक्ष उलटा आहे का पाहा. पाय उचललेला असताना पट्टी भरलेली आणि दाबल्यावर रिकामी दिसत असेल तर 'रिव्हर्स' करा. एकाच बाजूचा अक्ष उलटा राहिला तर विमान जागेवर गोल फिरतं.

१७२ चं नाकाचं चाक पेडलने फक्त १० अंश वळतं, त्यापुढे ३० अंशांपर्यंत एका बाजूचा ब्रेक लावून. तेव्हा 'वळतच नाही' ही तक्रार असेल तर ती बहुधा खऱ्या विमानालाही लागू आहे.

आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्सवर पेडल घसरतात आणि चाकांची खुर्ची मागे जाते. मग माणूस नकळत एका पायाने धरून ठेवतो, आणि तोच रडर. पेडलखाली रबरी मॅट टाका, खुर्चीची चाकं अडवा.

९. मी फक्त कीबोर्डवर उडवतो. तरी विमान हळूहळू वळत राहतं.

नमपॅडवरचे ४ आणि ६ एलेरॉन हलवतात, ० आणि एंटर रडर. दिलेला रडर अनेकदा तसाच राहतो. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये नमपॅडचा ५ दाबला की एलेरॉन आणि रडर मध्यावर येतात. प्रत्येक वळणानंतर दाबा.

१०. गेमपॅड वापरतो. नाक सतत उजवीकडे जातं.

एक्सबॉक्स गेमपॅडवर मागचे दोन ट्रिगर रडरचे असतात. उजवा ट्रिगर पूर्ण परत येत नसेल तर हे होतं. कापूस आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून फटीतली घाण काढा. पंख झुकत असेल तर डाव्या अंगठ्याची काडी बघा, त्याला प्रश्न ५ आणि ६ लागू.

११. अर्धा तास उड्डाणानंतर एक पंख जड होतो. सुरुवातीला काहीच नसतं.

इंधन एका बाजूने संपतंय. १७२ एस मध्ये प्रत्येक पंखात २६.५ गॅलन वापरण्याजोगं इंधन मावतं. एक टाकी भरलेली आणि दुसरी अर्धी झाली की फरक सुमारे ३६ किलोचा, तोही धडापासून लांब. इंधनाचा सिलेक्टर 'बोथ' (दोन्ही टाक्या) वर आहे का पाहा. पायपर पीए-२८ कुटुंबातल्या विमानांना 'बोथ' नसतोच, तिथे दर अर्ध्या तासाने टाकी बदलायची. तसंच एकट्या पायलटचं वजन डावीकडे असतं, त्यामुळे किंचित डावा कल येणं साहजिक आहे. १७२ मध्ये एलेरॉनला ट्रिम नाही, हातानेच धरावं लागतं.

१२. ऑटोपायलटला हेडिंग दिलं, तरी विमान रेषेवर राहत नाही. आणि कधी कधी हेडिंगच चुकतं.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, वारा. हेडिंग मोड नाकाची दिशा धरतो, जमिनीवरची रेषा नाही. ११० नॉटने उडताना बाजूने २० नॉटचा वारा असेल तर रेषेवर राहायला नाक साधारण १०.५ अंश वाऱ्याकडे ठेवावं लागतं. नॅव्ह मोड (ठरवलेली रेषा धरणारा) हे स्वतः करतो.

दुसरी, जुन्या घड्याळी कॉकपिटमधला दिशादर्शक जायरो. तो सरकतोच. नुसत्या पृथ्वीच्या फिरण्यामुळे पुण्याच्या अक्षांशावर तासाला सुमारे ४.८ अंश, वर घर्षणाचं वेगळं. दर १५ मिनिटांनी सपाट, सरळ उड्डाणात होकायंत्राशी जुळवा. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये त्यासाठी डी ही कळ आहे. जी१००० च्या काचेच्या, म्हणजे काट्यांऐवजी पडदे असलेल्या, कॉकपिटमध्ये हे करावं लागत नाही.

१३. लाइव्ह वेदर लावून मुंबईहून उडालो, रडर पूर्ण दाबूनही विमान डावीकडे जात होतं.

पावसाळ्यात २७ धावपट्टीवर (दिशा सुमारे २७० अंश, पश्चिमेकडे) वारा बहुतेक वेळा नैऋत्येचा असतो. २४० अंशांवरून २० नॉट धरा, म्हणजे ३० अंश डावीकडून, आडवा भाग १० नॉट. विमान वातकुक्कुटासारखं वाऱ्याकडे तोंड करू बघतं, म्हणजे डावीकडे. त्यात प्रश्न ३ मधली इंजिनाची ओढही डावीकडेच. दोन्हींची बेरीज होते. सुरुवातीला एलेरॉन पूर्ण डावीकडे, वाऱ्यात, आणि वेग वाढेल तसा कमी करत जा. पायाने उजवा रडर. १७२ एस साठी प्रात्यक्षिकात दाखवलेला आडवा वारा १५ नॉट आहे, त्यापुढे जमलं नाही तर सेटिंग्जना दोष देऊ नका.

उलट, वारा उजवीकडून असेल तर दोन्ही ओढी एकमेकींना खातात आणि सेसना आश्चर्यकारक सरळ धावतं.

१४. सेसना सरळ जातं, पण एअरबस ए३२० हळूहळू कलत जातं, ऑटोपायलटही सुटतो.

ए३२० मध्ये साइडस्टिक एलेरॉनचा कोन नाही, कलण्याचा वेग मागते. स्टिक मध्यावर असली की विमान आहे तोच कल धरून ठेवतं, ३३ अंशांपर्यंत. त्यामुळे मध्यात दीड-दोन टक्के चूक असेल तर विमान ती साठवत जातं. सेसनामध्ये तीच चूक जाणवतही नाही. ए३२० साठी ३ ते ५ टक्के डेड झोनची वेगळी प्रोफाइल करा.

ऑटोपायलटचं कारणही तेच. खऱ्या एअरबसमध्ये ऑटोपायलट लागल्यावर साइडस्टिक जागेवर अडकते आणि हलवायला जोर लागतो. तुमची स्टिक मोकळीच असते, तिचा एखादा झटका सिम्युलेटर पायलटचा हात समजतो.

१५. आकडे नाचतात. स्टिक उघडून दुरुस्त करता येईल का?

पोटेन्शिओमीटरची असेल तर येईल. समुद्राजवळच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या स्टिकमध्ये हा त्रास जास्त दिसतो. वॉरंटी असेल तर मात्र उघडू नका. आणि त्याआधी स्टिक हबऐवजी थेट संगणकाला लावून पाहा, वीज कमी पडल्यानेही आकडे नाचतात.

पिन काढा, तळाचे स्क्रू काढा, तारांचा फोटो घ्या. स्टिक हलवली की ज्याचा दांडा फिरतो तो गोल डबीसारखा भाग म्हणजे पोटेन्शिओमीटर. त्याच्या पायांजवळच्या फटीत बारीक नळीने कॉन्टॅक्ट क्लीनरचा अर्धा सेकंद फवारा मारा, दांडा टोकापासून टोकापर्यंत २०-३० वेळा फिरवा, वीस मिनिटं वाळू द्या. गंजलेले बोल्ट सोडवायचा तेलकट स्प्रे वापरू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग तेलावर धूळ बसते.

फरक पडला नाही तर मल्टिमीटर ओहमवर ठेवून मधला पाय आणि कडेचा एक पाय यांत मोजा. दांडा हळू फिरवताना आकडा सलग वाढायला हवा. मधेच उडी मारली तर आतला पट्टा झिजलाय, भाग बदला. जुन्यावर छापलेलं मूल्य पाहून तेच घ्या. बी१०के म्हणजे १० किलोओहम, लिनिअर. 'ए' छापलेला आवाजाच्या बटणाचा असतो, तो लावलात तर मध्य पूर्ण एका बाजूला जाईल. दांड्याची लांबी आणि कापही जुळवा, त्यासाठी जुना भाग सोबत न्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. कडेच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या तर अक्ष उलटा होतो, तो सॉफ्टवेअरमध्येच परत उलटवा.

१६. हॉल सेन्सरची स्टिक घेतली की हा त्रास कायमचा जातो ना?

झिजण्याचा जातो, कारण आत घासणारं काही नाही. स्प्रिंग आणि सांधे मात्र तिथेही ढिले होतात. आणि सेन्सर चुंबकावर चालतो, तेव्हा तळाशेजारी मोठा स्पीकर ठेवू नका.

१७. दोन इंजिनांचं विमान एका बाजूला ओढतं. स्टिक ठीक आहे.

दोन थ्रॉटल सारखे नाहीत. दांडे एका रेषेत दिसले तरी अक्ष दोन-तीन टक्के वेगळे असतात. मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनाचा जोर दाखवणारा दाब) आणि आरपीएमचे काटे पाहा. चाचणीसाठी दोन्ही इंजिनं एकाच दांड्याला जोडा. ओढ गेली तर दोन्ही अक्ष पुन्हा कॅलिब्रेट करा आणि त्यांचे वक्र सारखे ठेवा. एरवी काट्यांवरून जुळवा, दांड्यांवरून नाही. मोठ्या जेटमध्ये आधी रडर ट्रिम शून्यावर आहे का पाहा. ए३२० ला त्यासाठी वेगळं रीसेट बटण आहे.

१८. सगळे म्हणतात 'उजवा पाय', पण माझं याक-५२ उजवीकडे जातं.

बरोबर आहे. त्याचं एम-१४पी इंजिन उलट फिरतं, म्हणून सगळं उलट, डावा पाय. मर्लिन इंजिनाचं स्पिटफायर डावीकडे ओढतं आणि नंतरचं ग्रिफन इंजिनाचं उजवीकडे. नवं विमान घेतलं की आधी पंखा कुठे फिरतो ते बघा.

१९. हेलिकॉप्टर हवेत एका जागी थांबतच नाही, बाजूला सरकतं. हे तरी स्टिकमुळे आहे ना?

बहुधा नाही. शेपटीचा पंखा धडाचं फिरणं रोखतो, पण त्याच वेळी अख्खं हेलिकॉप्टर बाजूला ढकलतो. बेल ४०७ चा मुख्य रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट फिरतो, ते उजवीकडे सरकतं. सायक्लिक (हेलिकॉप्टरची मुख्य स्टिक) थोडं डावीकडे धरावं लागतं आणि डावी स्किड (उतरण्यासाठीची खालची दांडी) किंचित खाली राहते. फ्रेंच बनावटीच्या काब्री जी२ चा रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो, तिथे हे सगळं उलटं. म्हणून एकावर शिकलेला हात दुसऱ्यावर फसतो.

हेलिकॉप्टरसाठी वेगळी प्रोफाइल करा आणि तिच्यात डेड झोन शून्य किंवा फार तर १ टक्का ठेवा. हॉवरचं, म्हणजे हवेत एका जागी थांबण्याचं, सगळं काम मध्याभोवतीच्या दोन-चार टक्क्यांतच चालतं, आणि सेसनासाठी लावलेला डेड झोन नेमका तोच भाग गिळतो. स्टिकची मधे खेचणारी स्प्रिंगही इथे अडचण करते. सिम्युलेटरमध्ये सायक्लिक ट्रिमची सोय असेल तर तिला एक बटण द्या.